घरीच लाकडी जाळीचं दार बनवायचंय. आजोबांच्या मागाचं सागवान कापू का?

साखरपेठकर
नमस्कार मंडळी.
आमचं घर सोलापुरातल्या साखर पेठेत, जुनं, बैठं. पुढची खोली थेट बोळात उघडते. मार्च अर्धा झाला नाही तोवर दुपारी आत बसवेनासं झालंय. दार उघडं ठेवलं की वारं येतं, पण सांज झाली की वाऱ्याबरोबर डासही येतात. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे बोळातल्या प्रत्येक घरात पिंप, टाकी, हंडे भरून ठेवलेले. डासांना आणखी काय हवं? आईचं वय ७४. तिची खाट त्याच खोलीत आणि दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं हाच तिचा विरंगुळा. दार लावून घेतलं की तिचा चेहरा पडतो. म्हणून जाळीचं दार.

अॅल्युमिनियमवाला माप घेऊन गेलाय. पण माझ्या मनात वेगळंच आहे. आजोबांचा खड्डामाग होता, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग. तो बंद पडून पस्तीस वर्षं झाली. फणी, धोटे, पावड्या केव्हाच गेल्या, सांगाडा मात्र पोटमाळ्यावर पडून आहे. सव्वासात फुटी दोन आडव्या तुळया आणि पाच फुटी चार खांब. सगळं चार बाय तीन इंचाचं, सागवान. परवा एका जागी पटाशी मारून बघितलं, आत अजून तेलकट पिवळं लाकूड आहे आणि वास येतोय.

विचारायचं ते असं. हे लाकूड दाराला चालेल का? सांधे कसे करू? हाताशी करवत, पटाशी, रंधा आणि ड्रिल आहे. स्टूल आणि दोन मांडण्या केल्यात, दार कधी केलेलं नाही. जाळी कुठली घेऊ? आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठा प्रश्न हा, की कापू का?

होटगीरोडवाला
अॅल्युमिनियमचं बसवा आणि मोकळे व्हा. अर्ध्या दिवसात काम होतं. आमच्याकडे पाच वर्षं झाली, तक्रार नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, दार अडकतं, मग दरवर्षी सुतार शोधत फिरा. आईंची सोय महत्त्वाची, ती लवकर होऊ दे.

बाळ्याचा_बाळू
कापू का म्हणून काय विचारायलाव ओ! पस्तीस वर्षं पोटमाळ्यावर वाळलेलं सागवान आज वखारीत पैसे टाकूनही मिळत नाही. आता वखारीत येतं त्यातलं बरंचसं कोवळं, त्यात पांढरा भाग निम्मा. वाळवी आधी तो पांढरा भागच खाते, गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. तुमच्या तुळयांत पांढरं कुठं आहे ते तेवढं बघून घ्या.

शेंगाचटणी
दार झालं की कळवा. शेंगापोळ्या घेऊन येतो, जाळीतून वास आत सोडतो, बघू किती वेळ उघडत नाही.

रंधा_आणि_गुण्या
साखरपेठकर, मी सुतारकाम शिकवण्यात सव्वीस वर्षं घालवली. जरा सविस्तर लिहितो.

आधी होटगीरोडवाल्यांच्या मुद्द्याबद्दल. लाकूड फुगतं हे खरं, पण ते रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ हलतच नाही. सलग फळ्यांचं दार तीन फूट रुंद असेल तर ते तीनही फूट फुगतात. जाळीच्या दारात मात्र रुंदीच्या दिशेनं फक्त दोन उभ्या पट्ट्या असतात, साडेतीन-साडेतीन इंचाच्या. म्हणजे सगळं मिळून सात इंच लाकूडच फुगणार. मुरलेल्या सागवानात हा फरक एखाद-दोन मिलिमीटरचा. चौकटीपासून दोन्ही बाजूंना आणि वर तीन-तीन मिलिमीटर फट ठेवली की प्रश्न मिटला. उन्हाळ्यात दार कराल तर फट किंचित सैलच ठेवा, कारण आत्ता सोलापुरातलं लाकूड सुकून पापड झालेलं असतं आणि जुलैत ते ओल ओढणार.

लाकूड किती लागतं बघा. सात फुटी दोन उभ्या पट्ट्या, तीन फुटी तीन आडव्या, सगळ्या चार बाय दीड इंचाच्या. खालची आडवी सहा इंच रुंद घेतली तरी एकूण साधारण एक घनफूट होतं. तुमची चार बाय तीनची एक तुळई मधोमध उभी चिरली की दोन्ही उभ्या पट्ट्या निघाल्या! करवतीचा काप आणि रंधा जाऊन सव्वा इंच जाडी उरेल, ती पुरते. आडव्यांसाठी दोन खांब. म्हणजे अख्खा माग कापायचाच नाही. एक तुळई आणि दोन खांब तसेच राहतात.

चिरायला वखारीत न्या, हातानं सात फूट सरळ चिरणं नवख्याचं काम नाही. पण त्याआधी सगळ्या लाकडावरून लोहचुंबक फिरवा. जुन्या मागात खिळे गाडलेले असतात, वरून दिसत नाहीत. एक खिळा मोठ्या करवतीच्या पात्यात गेला तर पातं जातं आणि माणसालाही इजा होते.

सांध्याचं. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे भोकात बसणारी जीभ, काढायचं आणि उभ्या पट्टीत त्याच मापाचं भोक पाडायचं. कुसवाची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश, म्हणजे तुमच्याकडे दहा-अकरा मिलिमीटर. खोली अडीच इंच. भोक आधी पाडा, कुसू नंतर काढा. कुसू तासून बारीक करता येतं, मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. कुसू हातानं दाबून निम्मं आत जावं आणि उरलेलं मोगरीच्या दोन ठोक्यांत. चार ठोके लागले तर घट्ट आहे, जोर लावू नका, उभी पट्टी फाटेल.

हे जमणार नाही असं वाटलं तर दोन्ही पट्ट्या निम्म्या-निम्म्या कोरून एकमेकींवर बसवा, जलरोधक गोंद आणि चार-चार स्क्रू. दिसायला साधं, पण टिकतं. नुसते खिळे किंवा पत्र्याचे कोन मारून केलेलं दार मात्र दोन वर्षांत लोंबतं.

साखरपेठकर
सर, तुम्ही घनफुटाचा हिशोब मांडलात आणि माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. एकच तुळई! मी समजत होतो सगळा सांगाडा लागेल. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “एक तुळई दिली म्हणून माग काही रडायचा नाही.”

मागावरची
हा धागा वाचून राहवलं नाही. आमचंही घर विणकरांचं, अशोक चौकाकडे. घरात तेलुगू, आजोबांना आम्ही ताता म्हणायचो. ताता गेल्यावर वर्षभरात त्यांचा माग चुलीत गेला. पाणी तापवायला. मी तेव्हा नववीत होते आणि काही बोलले नाही. त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे. माळ्यावर धूळ खात पडून राहण्यापेक्षा दाराला लागलेलं बरं. रोज हात तरी लागेल.

आता जाळीबद्दल, कारण इथं मला बोलता येतं. मच्छरजाळी म्हणजे शेवटी कापडच. दुकानात ‘अठरा-सोळा’ मागा. म्हणजे एका इंचात एका दिशेला अठरा तार आणि दुसऱ्या दिशेला सोळा. आपल्याकडे फणीचा नंबर आणि आडवे धागे मोजतात ना, अगदी तसंच. छिद्र साधारण सव्वा मिलिमीटरचं पडतं, डास अडतो. त्याहून घट्ट जाळी घेतली तर चिलटंही अडतात, पण वारंही अडतं. इंचपट्टी ठेवून दुकानातच मोजून बघा, लाजू नका. मी मोजते.

ताणताना घाई करू नका. आधी वरच्या पट्टीच्या मध्यावर एक पिन मारा, मग खाली ओढून समोरच्या मध्यावर. मग डावीकडे मध्यावर, उजवीकडे मध्यावर. तिथून कोपऱ्यांकडे सरकत जायचं, आळीपाळीनं समोरासमोर. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली की जाळीची ओळ तिरकी जाते आणि दुसऱ्या कोपऱ्यात सुरकुती जमते. ती पुढं कितीही ओढा, जात नाही. ताणा, म्हणजे उभे धागे, तिरका बसला तर चादरीचं जे होतं तेच.

कुमठानाका_कट्टा
जाळी फायबरची की स्टीलची? आमच्या मांजरीनं फायबरची जाळी एका आठवड्यात चाळण केली. खरी चाळण, आरपार.

मागावरची
@कुमठानाका_कट्टा, खाली स्टेनलेस आणि वर फायबर असं करा. मधली आडवी पट्टी असतेच, तिच्या खाली-वर वेगळी जाळी सहज बसते. पोरं, मांजर, पायाचा धक्का सगळं खालच्याच भागाला. साध्या लोखंडी जाळीवर मुलामा असला तरी कापलेल्या कडेला गंज धरतो, मग लाकडावर तांबडे ओघळ. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ नंबरची प्रत मागा.

रंधा_आणि_गुण्या
ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. त्यात एवढीच भर की जाळीवरची पट्टी खिळ्यांनी नको, बारीक स्क्रूनं बसवा. पाच-सात वर्षांनी जाळी बदलावी लागतेच. खिळे उपटताना पट्टी मोडते आणि मग अख्खं दार टाकून द्यायची बुद्धी होते.

पुण्यातला_सोलापुरी
कुठं नेऊन सोडलंत राव! आमचे वडील रेल्वेत, लहानपण क्वार्टरमध्ये गेलं. मागच्या दाराला हिरव्या रंगाचं जाळीचं दार होतं आणि त्याला वीतभर लांब स्प्रिंग. सोडलं की फाट्! दुपारी झोपलेली आई आतून ओरडायची, “दार धरून सोडा रे!” मे महिन्यात रात्री आम्ही अंगणात, खाटा टाकून, पाणी शिंपडून. पण पहाटे डासांनी उठवलं की चादर गुंडाळून त्या जाळीच्या दारामागं यायचं, फरशीवर आडवं व्हायचं. वारं तेच, डास बाहेर. ती झोप मला पुण्याच्या फ्लॅटमध्ये कधी मिळाली नाही.

एक सांगतो, स्प्रिंग लावणार असाल तर चौकटीला रबराची किंवा नमद्याची गोळी चिकटवा. आई झोपलेल्या असताना तो फाट् आवाज नको.

शेंगाचटणी
आम्ही माळवदावर झोपायचो. तिथं दारच नव्हतं. डास पण आमच्या शेजारीच झोपायचे.

निवृत्त_फवारणी
मी हिवताप विभागातून निवृत्त झालो. या विषयावर लिहायला कधीपासून संधी शोधत होतो.

डास माणसाला हिवताप देतो हे कोडं आपल्या शेजारीच सुटलं. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं. पण जाळीच्या दाराच्या दृष्टीनं त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची. १९०० साली इटलीत रोमजवळ ओस्टिया इथं, हिवतापानं गाजलेल्या दलदलीत, लो आणि सांबोन हे दोन डॉक्टर जाळीनं बंदिस्त केलेल्या लाकडी झोपडीत राहिले. ऐन हिवतापाच्या मोसमात. दिवसा बाहेर हिंडायचे, सूर्य मावळायच्या आत झोपडीत, सकाळी ऊन आल्यावर बाहेर. क्विनाईन घेतलं नाही. दोघांनाही हिवताप झाला नाही. म्हणजे तुम्ही जे बनवायला निघालात ते साधं दार नाही, सव्वाशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं औषध आहे.

पण एक लक्षात घ्या. डेंगीचा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. गटारातला क्युलेक्स रात्री येतो. म्हणून “संध्याकाळी लावू” असं म्हणून चालत नाही, जाळीचं दार दिवसभर लावलेलंच हवं. आणि एडिस स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो, अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात पिंप कधी पूर्ण रिकामं होतच नाही, खरी अडचण तीच. अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, आठवड्यातून एकदा पिंपाची आतली कड घासा. तोंडाला कापड घट्ट बांधा. नाहीतर डास घरातच जन्माला येतील आणि तुमचं सुंदर दार त्यांना बाहेर जाऊ देणार नाही.

अवंती_जुळेसोलापूर
निवृत्त काका, कूलरच्या टाकीतही होतात का?

निवृत्त_फवारणी
होतात तर. आठवड्यातून एक दिवस ठरवा, टाकी पूर्ण रिकामी करून घासून वाळवा.

अवंती_जुळेसोलापूर
धन्यवाद. कूलरवरून आठवलं, साखरपेठकर, तुमच्याकडे कूलर असेल तर जाळीच्या दाराचा दुप्पट फायदा. बरेच जण कूलर लावून दारं-खिडक्या बंद करतात, मग तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकतं आणि लोक कूलरला नावं ठेवतात. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, तेवढीच हवा बाहेर जायला वाट हवी. कूलर मागच्या खिडकीत आणि पुढं जाळीचं दार, अशी सरळ रेघ जमली तर आपल्या कोरड्या हवेत तो फार सुरेख चालतो. आमच्याकडे ही मांडणी केल्यापासून एसीचा विषय मागं पडलाय.

जाळीत तारेनं जागा व्यापलेली असते. अठरा-सोळात उघडी जागा साधारण दोन तृतीयांश उरते. त्यामुळे दाराचा जास्तीत जास्त भाग जाळीचाच ठेवा. खालचा निम्मा भाग प्लायनं बंद करू नका, खाटेवर झोपलेल्या माणसाला वारं खालच्याच भागातून मिळतं.

साखरपेठकर
हे सगळं वहीत उतरवून घेतोय. आज वखारीत तुळई चिरून आणली. लोहचुंबकाला अकरा खिळे सापडले! आधी उपटले, दोन कापून काढावे लागले. चिरल्यावर आतलं लाकूड असं निघालं की वखारीतला माणूस हात फिरवत उभाच राहिला.

आता एक शंका. दार खाली लोंबू नये म्हणून तिरपी पट्टी लावतात ना, ती कुठल्या दिशेनं?

कुमठानाका_कट्टा
वरच्या बिजागरीपासून खाली कडीच्या बाजूच्या कोपऱ्यात. वरून धरून ठेवते ती.

मार्डीचा_शेतकरी
चुकीचं सांगू नका. खालच्या बिजागरीपासून वर कडीच्या कोपऱ्यात. आमच्या गोठ्याची सगळी फाटकं तशी आहेत, बाभळीची, वीस वर्षं झाली.

कुमठानाका_कट्टा
आमच्या गच्चीच्या दाराला मी सांगतोय तशीच आहे आणि दार टकाटक आहे.

मार्डीचा_शेतकरी
मग बिजागरी चांगली असेल.

कुमठानाका_कट्टा
फोटो टाकतो संध्याकाळी.

रंधा_आणि_गुण्या
थांबा, दोघांचंही बरोबर आहे, फक्त वस्तू वेगळ्या आहेत. कुमठानाका, तुमच्या फोटोत मध्ये आवळायची फिरकी असलेली तार दिसतेय. तार ओढ सहन करते, म्हणून ती वरच्या बिजागरीपासून खालच्या मोकळ्या कोपऱ्यात. तो कोपरा वर उचलून धरते. लाकडी पट्टी दाब सहन करते, म्हणून ती खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्यात, खालून टेकू दिल्यासारखी. मार्डीकरांची फाटकं तशी. उलटं केलं तर लाकडी पट्टीचे सांधे सुटत जातात आणि तार तर लोंबतेच, तिला दाब माहीतच नाही.

तुमच्या दाराला कुसवाचे सहाही सांधे चांगले बसले तर तिरपी लागणारच नाही. वजन पंधरा किलोच्या आसपास भरेल, तीन बिजागऱ्या पुरेत. पण गोंद लावून आवळण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ऐंशी बाय चौतीस इंचाच्या दारात कर्ण सत्त्याऐंशीला जेमतेम कमी येतो. आकड्यापेक्षा दोन्ही सारखे येणं महत्त्वाचं. फरक आला तर लांब कर्णाच्या टोकांना शिकंजा लावून हळूच दाबा.

होटगीरोडवाला
वाचतोय सगळं. तार आणि पट्टीचं पहिल्यांदाच कळलं. आमच्या शेतातल्या खोलीला दार करायचंच आहे, तिथं लाकडाचं करून बघेन म्हणतो.

मार्डीचा_शेतकरी
@होटगीरोडवाला, बांधावर बाभूळ असेल तर ती घ्या. टणक असते, पण ओली कापू नका. आम्ही कापून सावलीत वर्षभर ठेवतो. उन्हात ठेवली की पीळ धरते.

साखरपेठकर, रंगवू नका हो ते सागवान. जवसाचं तेल द्या. चटणीचं जवस तेच, पण तेल हार्डवेअरच्या दुकानातलं, डबल बॉइल्ड. घाण्याचं कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. थोडं टर्पेंटाईन मिसळून पहिला हात, फडक्यानं चोळून जादाचं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन हात पुरे.

रंधा_आणि_गुण्या
यावर एक कळकळीची सूचना, कृपया हलक्यात घेऊ नका. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, चोळामोळा केलेल्या फडक्यात ती कोंडते आणि आपोआप पेट घेते. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. आमच्या कार्यशाळेत भुशाच्या ढिगावर टाकलेलं फडकं पहाटे पेटलं होतं. राखणदार जागा होता म्हणून निभावलं. फडकं मोकळं पसरून दगडावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. एप्रिल-मेच्या सोलापुरात तर नक्कीच.

बाळ्याचा_बाळू
बाप रे, हे माहीतच नव्हतं. परवाच खाटेला तेल दिलं आणि फडकं खाटेखाली होतं. आत्ता उचलून आलो.

अवंती_जुळेसोलापूर
साखरपेठकर, महिना झाला. काय झालं दाराचं? गायब झालात.

साखरपेठकर
गायब नाही ताई, भोकं पाडत होतो! सहा भोकं, रोज संध्याकाळी एक. दुसरं भोक तिरकं गेलं, त्याला सागवानाचीच चिप गोंदानं बसवून पुन्हा पाडलं. रंधा सर म्हणाले तसंच, दोन ठोके. पाचव्या सांध्याला बरोबर दोन ठोके बसले तेव्हा मी बोळात जाऊन शेजाऱ्याला बोलावून आणलं दाखवायला.

काल दार लावलं. चौकट जुनी, एकाच दाराची खाच असलेली, त्यामुळे बाहेरून इंचाची पट्टी मारून तिच्यावर बिजागऱ्या घेतल्या. आतलं दार आत उघडतं, जाळीचं बाहेर. जाळी आतल्या अंगानं बसवली, म्हणजे आतून ढकललं तर ती लाकडावरच टेकते. खाली स्टेनलेस, वर फायबर. मध्यापासून ताणली, एक सुरकुती नाही. मागावरची ताई, तुमची आठवण काढली.

एक गोष्ट ठरवून केली नव्हती. चिरलेल्या तुळईवर एका जागी बोटभर रुंद, गुळगुळीत खोलगट घासण होती. आजोबांच्या दोरीची, वर्षानुवर्षं तिथून जाऊन पडलेली. रंधा मारताना ती जाणार होती. आई म्हणाली, तेवढी राहू दे. मग ती बाजू बाहेर ठेवली आणि पट्टी अशी लावली की घासण बरोबर हाताच्या उंचीला आली. दाराला मूठ बसवलीच नाही. बाहेरून येणाऱ्याची बोटं आपोआप तिथं जातात.

काल रात्री आतलं दार सताड उघडं होतं. मागच्या खिडकीत कूलर. आई साडेनऊला झोपली, ती सकाळी पाचपर्यंत उठली नाही. मी दोनदा उठून बघितलं, पंखा तिनं स्वतःच बंद केला होता.

मागावरची
वाचताना डोळे भरून आले. त्या घासणीवर तेल जरा जास्त द्या.

पुण्यातला_सोलापुरी
पुढच्या वेळी सोलापुरात आलो की ते दार बघायला येणार. धरून सोडेन, वचन.

निवृत्त_फवारणी
अभिनंदन! आता पिंप घासायचा वार ठरवा.

साखरपेठकर
काका, मंगळवार ठरलाय. आईनंच भिंतीवर खडूनं लिहिलंय.

रंधा सर, शेवटचं एक. खाली उंबऱ्यापाशी नऊ-दहा मिलिमीटर फट राहिलीय. तिथून काल दोन डास आत आले.

रंधा_आणि_गुण्या
ती फट राहू द्या, पावसाळ्यात उपयोगी पडेल आणि झाडलेलं पाणी लाकडाला लागणार नाही. खालच्या पट्टीला बाहेरून केसाळ ब्रशची पट्टी लावा, हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते. केस उंबऱ्याला नुसते टेकायला हवेत, वाकायला नकोत. वाकले तर दार जड होतं, आईंच्या हाताला त्रास होईल. आणि उभ्या पट्ट्यांची खालची टोकं विसरला नाहीत ना? तिथं तेलाचे चार हात हवेत, पाणी तिथूनच वर चढतं. आत्ता दार लावलेलं असेल तर दाराखालच्या फटीतून फडकं घालून भिजवा.

साखरपेठकर
विसरलो होतो. उद्या सकाळी बिजागऱ्या सोडतो, टोकं नीट भिजवूनच परत लावतो.